भोकरमधलं छीगोंग

लातूर, ४ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात छीगोंग नावाच्या जुन्या चिनी व्यायामावर संशोधन चालू आहे. श्वास घेत हळूहळू हात वर न्यायचे, सोडत खाली आणायचे. तुमच्यासारखी बीपीवाली वयस्कर मंडळी येतात. बऱ्याच जणांचं बीपी थोडं उतरलंय, झोपही सुधारलीय. चित्रं पाठवतेय, अंगणात करून बघा. मामी हसल्या तर त्यांनाही शेजारी उभं करा!

माया आहेच, ती राहू द्या.
सुकन्या


भोकर, २० मार्च

चि. सुकन्यास,
मामीचे आशीर्वाद.

पोरी, फोन लावला की रडूच येतं, म्हणून लिहून राहिले. तुझ्या मामांना त्या व्यायामाचं लई वेड लागलं. देवळामागं गल्लीतली म्हातारी माणसं जमवून शिकवत होते. सोमवारी सगळ्यांसमोर हात वर नेताना तोंड वाकडं झालं अन् कोसळलेच. नांदेडला नेलं. अर्धांगवायू म्हणाले. जीव वाचला, पण उजवा हात हलत न्हाई, बोलणं गेलं.

डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्यांचं विचारलं. रोज घेतात म्हणून मी छातीठोक सांगितलं. मग शेजारीण बोलली, व्यायामानं भागतंय म्हणून मामांनी गोळ्या कधीच बंद केल्या. मला पत्ताच न्हाई!

तुझी मामी


लातूर, २६ मार्च

ती. मामींस,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. मामी, आमच्याकडचा प्रत्येक जण गोळ्या चालू ठेवूनच व्यायाम करतो. आम्हाला ते इतकं उघड, की मामांना लिहायचं सुचलंच नाही.

मामांचं ऐकून आणखी कुणी गोळ्या सोडल्यात का? आधी ते विचारा. तुमचा फोन लागत नाही. आमच्या शेजारचा सत्यमदादा आज भोकरला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. मी रविवारी येते.

सुकन्या


भोकर, १९ एप्रिल

चि. सुकन्यास,
आशीर्वाद.

तू घरोघर फिरलीस, तेव्हा गोळ्या सोडलेल्या सगळ्यांनी त्या परत धरल्या. एकटे किराणावाले गुरुबसप्पा ऐकेनात. मला काय धाड भरलीय, म्हणाले.

मामांच्या कानावर घातलं. त्यांनी डाव्या हातानं दाराकडं बोट केलं. आटोत घालून दुकानाशी नेलं. बोलायला गेले, पण नुसता घशातून आवाज. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून वर नेला, अन् सोडून दिला. तो धप्पकन मांडीवर पडला.

गुरुबसप्पांनी तो हात बघितला. मग सुनेला हाक मारून गोळी अन् पाणी मागवलं.

तुझी मामी