यंदाचं ज्युनिपर

सोमवार, ७ मार्च १९८३
आजपासून पुन्हा कामावर. माझी बायको थेल्मा जानेवारीत गेली. रजा पुरे झाली. दफनाच्या दिवशी लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या पावसात उभं राहून जी सर्दी जडली होती, तीही गेली. साठीच्या माणसानं घरात बसून भिंती पाहत राहणं बरं नव्हे. ठरवलं आहे: लवकर उठायचं, रोज दाढी, रोज चार ओळी लिहायच्या, रडगाणं नाही.

जिनच्या भट्टीला वाफ सोडली. मालक मिस्टर ऑब्रे स्वतः खाली आले. म्हणाले, बरं झालं आलात, विल्फ, इटलीहून ज्युनिपरचे नमुने येऊन पडलेत, तुमच्या नाकावाचून निवडणार कोण? खरं आहे. जिन म्हणजे ज्युनिपरच्या रानफळांचा वास, आणि आमच्याकडे वर्षभराचं ज्युनिपर मी निवडतो. हे काम हातात आहे तोवर मी ठीक आहे.

बुधवार, ९ मार्च
नमुने पाहिले. फळं चिरडली, तळहातावर चोळली, नाकाशी नेली. घोर निराशा. पाइनचा वास नाही, मिरीचा नाही. यंदाचं ज्युनिपर मेलेलं आहे. सगळं बाद केलं.

माझा दुय्यम डग्लस म्हणाला, अरे विल्फ, एका पोत्याचा वास तर असा उसळतोय की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डग दिवसभर सिगारेटी ओढतो. त्याला काय कळणार? पुरवठादाराला खरमरीत पत्र धाडायला सांगितलं.

सोमवार, १४ मार्च
धणेही तसलेच. चांगला धणा फोडला की लिंबासारखा सुटतो. हे नुसते छर्रे. अँजेलिकाची मुळं, संत्र्याची साल, सगळा माल भिकार. डगला म्हटलं, जग घसरलंय. तो म्हणाला, सगळं एकदम जानेवारीतच कसं रे घसरलं? उद्धटपणा. दुर्लक्ष केलं.

उपाय मात्र सापडला. ज्युनिपर दुप्पट घालायचं. आमच्या लंडन ड्राय जातीच्या जिनमध्ये मागाहून वास-चव घालायची सोय नसते. काय घालायचं ते भट्टीत, एकदाच. नंतर डागडुजी नाही. तेव्हा आधीच सढळ हात बरा. संस्थापकांची कृती चार पिढ्यांत कोणी बदलली नव्हती, हे मान्य. पण त्यांच्या नशिबी असला माल आला नव्हता.

शुक्रवार, १८ मार्च
दुप्पट ज्युनिपरची जिन निघाली. मला सौम्य वाटली. संयमी. मिस्टर ऑब्रेंनी एक घोट घेतला आणि खिडकी उघडली. म्हणाले, विल्फ, आमच्याकडे संडास धुतात त्या बाटलीला हुबेहूब हाच वास आहे. मालकांचा विनोद. हसलो. डगही हसला, जरा जास्तच.

दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये मांस भरलेली पेस्ट्री खाल्ली. त्यांचा आचारी म्हातारा झाला आहे. मिरी नाही, मसाला नाही, काही नाही. शेजारचे लोक बोटं चाटून खात होते. लोकांना काहीही चालतं.

मंगळवार, २२ मार्च
आज थोडं मनाविरुद्ध झालं. भट्टीची पहिली धार टाकून द्यायची, मधली ठेवायची, आणि शेवटची, शेपटाची धार सुरू व्हायच्या आत नळ फिरवायचा. हा क्षण नाकानं ओळखायचा असतो. आधी लिंबू येतं, मग मुळांची माती, आणि त्यानंतर ओल्या कुत्र्याचा वास. तो येता कामा नये.

मी नळापाशी उभा होतो. धार स्वच्छ होती. डग म्हणाला, विल्फ, फिरव आता. मी म्हटलं, घाई काय आहे, अजून उत्तम चाललंय. थोड्या वेळानं तो पुन्हा आला. मग न बोलता माझा हात बाजूला सारून त्यानंच नळ फिरवला. माझा हात! वर म्हणतो, अरे बाबा, कुत्र्यांचं अख्खं अनाथालय भिजून वाहतंय त्यातून, तुला खरंच येत नाहीये?

टाकीतला सगळा माल बिघडला म्हणे. मिस्टर ऑब्रे आले, टाकीवर वाकले, आणि काहीच न बोलता वर गेले. याचा अर्थ त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

सर्दीचा अंश राहिला असेल तर असू दे म्हणून निलगिरीचं तेल आणलं. तेही भेसळीचं निघालं. केमिस्टला सांगायला हवं.

सोमवार, २८ मार्च
मिस्टर ऑब्रेंनी वर बोलावलं. टेबलावर तीन ग्लास. म्हणाले, नावं सांगत नाही, तुम्हीच लावा क्रम. मी वेळ घेतला. पहिला उत्तम, दुसरा चालेल, तिसरा मेलेला, मोरीत ओता.

त्यांनी तिसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, विल्फ, तिसरी तुमचीच आहे, चार वर्षांपूर्वीची. खास पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. आणि पहिली मंगळवारची, बिघडलेली. मी म्हटलं, जिन चार वर्षं उन्हात ठेवली की मरणारच. ते म्हणाले, कपाटात होती. मी म्हटलं, कपाटही जुनं आहे.

यावर ते हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काही दिवस घरी राहा, यंदाचं ज्युनिपर डगला पाहू द्या. मी होकार दिला. डगलाही कधीतरी शिकायला हवंच. ईस्टरनंतर मी परत जाणार आहे.

शुक्रवार, १ एप्रिल. गुड फ्रायडे
एनिड आली होती, थेल्माची धाकटी बहीण. सणाचे मसाल्याचे बन घेऊन. एक खाल्ला. दालचिनी घालायला विसरलीस, म्हटलं. ती म्हणाली, विसरले? अख्खी डबी रिकामी केलीय त्यात. बसमध्ये मागच्या सीटवरची बाई वासानं पत्ता विचारत होती माझा! नाक मुरडायचं तर मुरड, पण खोटं नको बोलूस, भावजी.

मग मी मनातलं बोलून टाकलं. फार दिवस धरून ठेवलं होतं. म्हटलं, एनिड, थेल्माचं जांभळं कार्डिगन तू धुवायला नको होतंस. मी ते तसंच ठेवलं होतं. रोज सकाळी कपाट उघडतो. त्याला आता काहीच वास उरलेला नाही.

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही. माझा विश्वास बसला नाही. ती वर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा कार्डिगन छातीशी धरलेलं, डोळे लाल. म्हणाली, अरे, सगळी आहे ती यात. तिची पावडर, तिचा कांदा परतलेला, तिचा घाम. कपाटाचं दार उघडल्याबरोबर अंगावर आली माझ्या. तुला येत नाही?

येतो की, म्हटलं.

तिनं ते माझ्या तोंडावर धरलं. जोरात श्वास घेतला. लोकर नाकाला टोचली. आणखी काही नाही. एनिड माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी मान हलवली. तिनं कार्डिगनची घडी घातली आणि माझा हात धरून बसली. 

शनिवार, २ एप्रिल
डगला घरी फोन केला. म्हटलं, ज्युनिपर तूच निवड, माझ्यासाठी थांबू नकोस. मला वास येत नाही. थेल्माचाही येत नाही.  तो म्हणाला, ठीक आहे विल्फ. नेहमीची चेष्टा केली नाही.

भूक नव्हती. चहा केला. दुधाची बाटली गुरुवारपासून ओट्यावरच राहिली होती. झाकण काढून नाकाशी नेली. नासलंय की नाही, कळेना. चहात ओतलं आणि प्यायलो.