श्रीपतरावांचा खोकला

कापडे,
२० जून १९८३

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

महाडचं घर सोडून मी आईकडे आले आहे. तुझ्या दाजींनी मला फसवलं. वैशाखी पौर्णिमेला विहारात पंचशील झाल्यावर हे उठले आणि म्हणाले, पाचव्या, नशा न करण्याच्या शीलात माझी सिगरेटही धरा, आजपासून सोडली. मी तर रडलेच. पण तेव्हापासून खोकला दुप्पट. आधी सकाळी दोन ठसके द्यायचे, आता पहाटेपासून कफ काढत बसतात. कचेरीत चोरून ओढल्याशिवाय का? विचारलं तर ओढत नाही म्हणतात. शेवटी रविवारी त्याच विहारात मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ह्यांनी शील मोडलं. हे मान खाली घालून बसले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

तू त्यांना दोन खडे शब्द लिही. आई बरी आहे, भाताची रोपं वर आली आहेत. बहिणीवर माया आहे ती राहू दे.

तुझी,
आनंदी

मुंबई,
२७ जून १९८३

चि. सौ. आनंदीस,
अ. आ.

मी छातीच्या वॉर्डात नोकरीला, म्हणून मोठ्या डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, श्वासनळीला आतून बारीक केस असतात, आपल्या वाफ्यातल्या रोपांसारखे दाट. ते सारखे हलून कफ आणि धूळ वर लोटतात. धुरानं ते लुळे पडतात, झडतात, घाण आतच साचते. सिगरेट सुटली की ते पुन्हा उगवून कामाला लागतात. म्हणून सोडल्यावर काही आठवडे खोकला उलट वाढतो.

वेडे, श्रीपतरावांनी शब्द पाळला होता म्हणून ते खोकत होते. राग तुझ्या नाकावरच, लहानपणापासून. मिळेल त्या एस.टी.नं महाड गाठ आणि विहारात बोललीस तशी विहारातच माफी माग. आईला जयभीम. तुझ्यावर लोभ आहेच.

तुझा,
हैबतीदादा

महाड,
६ जुलै १९८३

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी आले. ह्यांनी चहा करून दिला. खिडकीत सिगरेटचं पाकीट होतं, उघडंच. म्हणाले, त्या रविवारी विहारातून परतताना घेतलं; न ओढताच ओढणारा ठरलो, मग सोडू कुणासाठी? रागावले असते तर सोसलं असतं. मी विहारात माफी मागितली, पण हे आलेच नाहीत. फसवलं ते मीच त्यांना, दादा.

आज पहाटेपासून कान देऊन पडले होते. घर अगदी शांत आहे. हे खिडकीत सिगरेट ओढत बसले आहेत, आणि ह्यांचा खोकला थांबला आहे.

लोभ असू दे, असं मागायला हात धजत नाही.

तुझी,
आनंदी