उलथनं आडात टाक

सांगली, मार्च १९७४

चि. दादासो यास आईचा आशीर्वाद. मी बरी हाय. नर्सबाई लिहून देत्यात, माझ्या बोलण्याला हसत्यात.

डॉक्टर म्हणाले, "आजी, सात वर्षांची पोर अंथरूण ओलं करते ते मुद्दाम नाही. तिला धाक घालू नका." मी मान हलवली. चुलीत उलथनं तापवून 'डाग देईन' म्हणलेली मीच, हे काय बोलले न्हाई. टेकवलं न्हवतं रं.

आता तुज्या विजीनं पाणीच सोडलंय. प्यालं की अंथरूण भिजंल म्हणून तोंड मिटून बसती. ओठ फुटलेत. आज सलाईन लावलं. मला लय भ्या वाटतंय.

म्हशीनं पाण्याला तोंड लावलं न्हाई तर तू गाव डोक्यावर घेतोस. लेकीसाठी एवढं कर.

मघाशी इचारती, "आजी, उलथनं चुलीपाशीच हाय का?" ते आडात टाक. भाकरी मी हातानं उलटीन. टाकलं म्हणून दोन ओळी लिही आणि ही चिठ्ठी घेऊन आलेल्या यष्टीच्या कंडक्टराच्याच हाती दे. माज्या शब्दावर तिचा इश्वास न्हाई, आणि का असावा? बापाचं वाचून दाखवलं तर घोटभर पिते म्हणलीया.

तांब्या भरून उशाशी ठेवलाय.

तुजी आई चंद्राबाई, हिचा अंगठा