केरेरूज परत येताहेत

पापाकुरा, शुक्रवार

प्रिय यतीन,

अनेक आशीर्वाद. गेल्या आठवड्यात क्लबकडून खोकं आलं. दोन टोप्या, चार पास आणि केरेरूज बेसबॉल क्लबच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक. छापील किंमत पंचेचाळीस डॉलर, आपल्याला फुकट, कुरिअरही त्यांचंच. मी खर्चाच्या रकान्यात शून्य मांडलं आणि देवापुढे साखर ठेवली. अरे, आपला संघ परत सुरू होतोय! नोव्हेंबरात पहिली मॅच, तीही आपल्याच मैदानावर. तेव्हापासून दोनदा दूध उतू गेलंय माझं.

पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं. मॅट्रिकचं इंग्रजी, पण चिकाटी आहे. संघ कसा उभा राहिला, खेळाडू कुठकुठून आले, हंगामभर कोणाच्या घरी राहिले, सगळं आहे. वरणभातावर तूप मागून घेणारा तैवानचा लिन आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तीनदा वाढून घेऊन "आँटी, पुन्हा उपास कधी?" विचारणारा आपला उंच बिलीही आहे. सगळ्यांचे फोटो. आणि तू? कोल्हापूरचा विकेटकीपर, इथे परदेशात शिकायला आलास, आमच्याकडे राहिलास, संघाचा कॅचर झालास, तर तुझ्या पानावर नुसतं नाव आणि फोटोच्या जागी राखाडी चौकोन! मी मॅनेजर ग्रँटला फोन करून चांगलं सुनावलं. तो बिचारा म्हणाला, "यतीनला हीप्स ऑफ ईमेल्स, अगदी ढीगभर पाठवले गं, उत्तरच नाही."

का नाही, ते मला ठाऊक आहे. शेवटच्या फायनलमध्ये तुझ्या ग्लोव्हमधून चेंडू सुटला, आपण हरलो आणि पुढच्या वर्षी संघच बंद पडला. तू तिकडे लांब पामर्स्टन नॉर्थला गेलास तो गेलासच. पण बाळा, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. साथीत सीमा बंद झाल्या, ऑस्ट्रेलियाला खेळायला जाता येईना, पैसे देणारे मागे हटले. तुझा तो चेंडू त्यात एका ओळीतही नाही. मी दोनदा शोधला.

आता या पत्राचं खरं कारण. पहिली मॅच सुरू होण्याआधीचा मानाचा चेंडू कोण टाकणार? मी! खेळाडूंना सांभाळणाऱ्या घरांचा मान म्हणून. साडी आणि कॅनव्हासचे बूट असा बेत आहे. रोज मागच्या अंगणात सराव चालतो. तुझे काका पायात रबरी जँडल्स घालून झेलतात आणि वर म्हणतात, "तुझा चेंडू पोचेपर्यंत प्रेक्षक घरी पोचतील." समोर कॅचर कोण हवा, ते मी सांगायचंय. ग्रँट एका नव्या मुलाचं नाव सुचवत होता. मी म्हटलं, जरा थांब, आमच्या मुलाला विचारते. ये रे. सुटला तर सुटला, वाकून उचल आणि मला आणून दे. बसचं तिकीट मी काढते, पण स्वस्तातली जागा लवकर संपते आणि टपालवालाही हल्ली रोज येत नाही. तेव्हा हे वाचल्या वाचल्या उलट टपाली कळव.

तुझीच,
विभावरीकाकू