मोटार आयसोलेट करा

नायगाव, मुंबई
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप जयवंतकाकांस,
मयूरचा शि. सा. न. वि. वि.

गिरणीतल्या साचाखात्याच्या, त्या मागांच्या, आवाजाने तुमचे कान नेले, फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितो. दादरला कीर्ती मॅडम मॉडेल इंजिनं दुरुस्त करतात. खेळणी म्हटलं की रागावतात. त्यांनी मला परीक्षेचं काम दिलं आहे. जमलं तर पहिल्या तारखेपासून तिथलं टेबल कायमचं माझं. दहावी अर्धवट, तीन नोकऱ्या गेलेल्या. हेही गेलं तर मला पुन्हा कोण उभं करेल, ठाऊक नाही.

इंजिन तळहाताएवढं आहे. रुळात वीज सोडली की जुनी इंजिनं सगळी एकदम धावतात. पोटात डिकोडर नावाचा नखाएवढा तुकडा बसवला की प्रत्येक इंजिन फक्त आपल्या नंबराचा हुकूम ऐकतं. लाल आणि काळी तार रुळाकडून येते, नारिंगी आणि करडी मोटारीला जाते. सूचना इंग्रजीत आहेत. शब्दकोश घेऊन चार वेळा वाचल्या. पहिलीच ओळ आहे, मोटार आयसोलेट करा. गिरणीतल्या तुमच्या आयसोलेटर स्विचमुळे ती मला शब्दकोशाशिवाय कळली: मेन स्विच पाडल्याशिवाय हात लावायचा नाही.

एक शंका आहे. मोटारीपासून इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला पितळी पट्टी जाते, अगदी अर्थिंगसारखी. ती सैल झाली आहे. पक्की करू ना?

आपला आज्ञाधारक,
मयूर


आचरे
९ फेब्रुवारी

चि. मयूर यास अ. आ.

अरे झिला, ही काय विचारायची गोष्ट? गिरणीत आमच्या गणपतचा हात मशीनच्या बॉडीला चिकटला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. त्या मोटारीला अर्थिंग नव्हतं. तेव्हापासून पट्टी ओढून बघितल्याशिवाय एकही मोटार चालू केली नाही. सोल्डर मारून पक्की कर आणि तूही ओढून बघ.

तुझी काकी विचारते की एवढ्याशा इंजिनात बसून गावाला कधी येणार? तिला सांगितलं, आधी त्याला टेबलावर बसू दे. माझी विद्या गिरणीबरोबर भंगारात गेली असं धरून चाललो होतो. तुझ्या पत्राने दोन घास जास्त गेले.

तुझा काका,
जयवंत


नायगाव
१५ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न.

इंजिन रुळावर ठेवलं. नंबर दिला. दिवा लागला, एक हिसका बसला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. डिकोडर मेला.

मॅडमना मी सांगितलं की तुकडा पाकिटातूनच खराब निघाला. त्यांनी विश्वास ठेवला. रोज फोनवर पुरवठादाराशी भांडतात आणि सांगतात की आमचा मुलगा स्पेलिंगसुद्धा दोनदा तपासतो, त्याची चूक होणार नाही. मी मान वर करत नाही. जेवण जात नाही. बदली तुकडा येईपर्यंत परीक्षा थांबली आहे. पट्टी तुम्ही सांगितली तशीच पक्की केली होती. तुम्ही काळजी करू नका. काकींना नमस्कार.

मयूर


आचरे
२१ फेब्रुवारी

चि. मयूर यास अ. आ.

खराब माल विकतात आणि पोराचा जीव खातात! मी गप्प बसणारा नव्हे. तू पत्र मॅडमच्या छापील पाकिटातून पाठवलंस, त्यावर पत्ता होता. त्यांना सरळ स्पीड पोस्टाने लिहिलं की माझ्या पुतण्याने माझ्या सांगण्याप्रमाणे मोटारीची पट्टी सांगाड्याला सोल्डरने पक्की केली आहे, तेव्हा कामात खोट काढायला जागा नाही. खाली सही केली, जयवंत, निवृत्त वायरमन. तीस वर्षांनी तो शब्द लिहिला. आता निर्धास्त जेव.

तुझा काका


नायगाव
२७ फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मॅडमना मिळालं. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. पट्टीच्या ओळीवर मी थांबलो. त्या म्हणाल्या, पुढे वाच. सहीपर्यंत वाचलं.

काका, आयसोलेट म्हणजे इथे वेगळं करणं. मोटार सांगाड्यापासून तोडायची होती. सांगाड्यात रुळाची वीज खेळते, पट्टीवाटे ती मोटारीत शिरली आणि उलटी डिकोडरवर आली. ती पट्टी कापून टाकायची होती. मी ती पक्की केली.

हे कधी कळलं, असं मॅडमनी विचारलं. मी सांगितलं, जळाला त्याच दिवशी, शब्दकोश उघडल्यावर. त्या म्हणाल्या की त्यांनी स्वतः पाच डिकोडर जाळले आहेत, सहावा माझ्या नावावर धरला असता. पण बारा दिवस त्या माझ्या शब्दावर एका निर्दोष माणसाशी भांडल्या. उद्यापासून येऊ नकोस, एवढं शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही खरं तेच लिहिलंत. खोटं मी बोललो, त्यांच्याशी आणि तुमच्याशीही. गिरणी गेल्यावर तुमचं ऐकून काम करणारा मी एकटाच उरलो आहे. तुमचा नियम इथे चुकला हे तुम्हाला कसं लिहू, तेच सुचत नव्हतं. गणपतकाकांच्या मोटारीला तो नियम हवाच होता. कृपा करून मॅडमना माफीचं पत्र पाठवू नका. त्यातही तुम्ही खरंच लिहाल आणि मला ते सोसणार नाही.

सकाळी डबा भरायची सवय झाली आहे. आज भरला, आणि आई कामावर जाईपर्यंत जिन्यात उभा राहिलो. तिला अजून सांगितलेलं नाही.

लोभ असू द्या, असं लिहायचा हक्क आता वाटत नाही. रागावून का होईना, दोन ओळी लिहा.

मयूर