सातव्या प्रकरणाचा पत्ता

चि. खारूताईस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का, की तीही एखाद्या फोल्डरात जपून ठेवली आहेस? इकडे तुझी मामी ठणठणीत आहे; मी का नाही, ते पुढे येतंच आहे.

गुरुजींचा छंदःशास्त्रावरचा ग्रंथ तू संगणकावर बसवून दिलास. बारा प्रकरणांच्या बारा फाइली आणि त्यांना आत ओढून घेणारी एक मुख्य फाइल. ती मुख्य फाइल मी मोठ्या ऐटीत छापखान्याला पाठवली. मालकांचा फोन आला, "सर, पुस्तक दीड पानाचं आहे. छापू का?" (आवाजात कौतुक होतं, तेच जास्त बोचलं.) मुख्य फाइलीत प्रकरणं नसतात, त्यांचे नुसते पत्ते असतात, हे मला तरी कळायला हवं होतं, 'पूर्वी सांगितल्याप्रमाणे' एवढ्यावर ग्रंथच्या ग्रंथ निभावून नेणाऱ्या शास्त्रकारांत माझं आयुष्य गेलं. पण गुरुजी शहाऐंशीचे. चाळीस वर्षांचं काम एकदा हातात धरून बघायचं, एवढीच त्यांची इच्छा, आणि तीही माझ्या भरवशावर.

मग सगळ्या फाइली गोळा केल्या. अकरा मुकाट्याने आत गेल्या. सातवीचा पत्ता निघाला तुझ्या घरच्या संगणकाचा. प्रोग्राम विचारतो, फाइल कुठे आहे? समोरच्या यादीत 'सातवं प्रकरण' दिसलं, ते निवडून मी मोकळा झालो. नाव पुढे आणखी होतं, पण चौकट अरुंद. पुढचा शब्द होता 'आक्षेप'. म्हणजे त्या प्रकरणातल्या चुकांची मी स्वतःपुरती केलेली टिपणं! आणि तुझा प्रोग्राम इतका आज्ञाधारक, की माझे मथळे त्याने परस्पर अनुक्रमणिकेत ठळक अक्षरांत नेऊन बसवले. ७.१ गुरुजी इथे घसरले. ७.२ इथे पुन्हा. ७.३ हे झोपेत लिहिलं असावं. छापखान्याने तत्परतेने प्रुफं थेट गुरुजींच्याच घरी धाडली.

बोलावणं आलं, गेलो. चपला दारात अशा काढल्या, की पळताना पटकन पायांत याव्यात. गुरुजी लाल पेन्सिल घेऊन बसलेले.

"बैस. ७.३ झोपेत नाही, तापात लिहिलं होतं. मूळ प्रकरण उद्या घेऊन ये, दुरुस्त करतो. ७.२ मध्ये मात्र तू घसरलायस." मी मान खाली घातली. "आणि बाकीच्या अकरा प्रकरणांवर काहीच आक्षेप नाही? वाचलीस तरी का, गधड्या?"

त्रेपन्नाव्या वर्षी 'गधड्या' ऐकून डोळे भरून येतील, असं वाटलं नव्हतं. बाराही प्रकरणांवरचे आक्षेप परिशिष्ट म्हणून माझ्या नावानिशी छापायचे, असा हुकूम आहे.

तुझा,
(परिशिष्टापुरता विद्वान) मामा

ता. क. : मूळ सातवं प्रकरण माझ्याकडे नाही. गुरुजींना मात्र 'सुखरूप आहे' असं सांगून बसलोय. आजच्या आज पाठव, नाहीतर 'गधड्या' पुन्हा ऐकायला मिळेल, आणि ते तितकं गोड नसेल.

पुन्हा ता. क. : तू दिलेल्या फोल्डरात 'मामा – आक्षेप' नावाची तुझी एक फाइल दिसली. दुसऱ्याची खासगी टिपणं वाचणं मला शोभत नाही, म्हणून उघडली नाही. फक्त तेविसाव्या पानावरचा शेवटचा मुद्दा मला मान्य नाही.