दुसरीच्या पिशवीतलं पिल्लू

शनिवार, संध्याकाळ

प्रिय छोटे,

तुझं पत्र बुधवारीच मिळालं. जहाजावरची नोकरी सोडून किनाऱ्यावरच काम मिळालं, दोन खोल्यांचं घरही झालं, वाचून बरं वाटलं. आम्ही दोघी मजेत. खारूची सर्दी गेली, बडबड मात्र जात नाही.

"लेकीला पुढच्या रविवारी न्यायला येते" या ओळीचं उत्तर शेवटी देते. आधी प्रयोगशाळेतली गंमत ऐक.

आमच्या टाक्यांत समुद्रातले कोळंबीसारखे, नखाएवढे जीव आहेत. मादीच्या पोटाखाली, पायांच्या मध्ये, एक पिशवी असते. अंडी तिच्यातच, पिल्लंही तिच्यातच. पोहण्याजोगी झाली की मग सोडते. अशा मादीला रुंद नळीने, पाण्यासकट उचलायचं असतं. गुरुवारी मी घाईत जाळीने उचलून वाडग्यात सोडलं. घाबरून तिने एक अर्धंकच्चं पिल्लू सांडलं. गेलं बिचारं, म्हणून मी स्वतःला शिव्या घालतेय, तोवर त्याच वाडग्यातली दुसरी मादी आली, तिने ते पकडलं आणि सरळ आपल्या पिशवीत घातलं. तिची स्वतःची पिल्लं असताना! मॅडम म्हणाल्या, "अगं, करतात त्या असं. दुसरीचं सांडलेलं उचलतात."

मी मात्र भिंगातून त्या पहिलीकडेच बघत बसले. निवांत पोहत होती बया. मला तिचा असा राग आला! तिचा कसला, तुझाच.

तू खारूला सांडलं नव्हतंस, माहीत आहे मला. सहा महिन्यांचं लेकरू जहाजावर कसं नेणार होतीस? मीच म्हटलं, "ठेव माझ्याकडे." रोज तुझा फोटो दाखवून "ही कोण? आई!" असं घोकून घेणारीही मीच. अतिशहाणी! काल तुझा फोन आला तर माझ्या मांडीवरून उठून "आई, आई" करत धावली, आणि माझा नुसता जळफळाट झाला. चार वर्षं वेणी मी घातली, गोष्टी मी सांगितल्या आणि पहिला नंबर तुझा. तुझ्या नव्या घराच्या खिडकीचासुद्धा हेवा वाटला, तिथे ती बसणार म्हणून.

ती पिल्लं पिशवीतून बाहेर पडली की आम्ही लगेच वेगळी काढतो, नाहीतर मोठ्या माद्या त्यांना खाऊन टाकतात. एवढं सांभाळून! नव्या मुलींना हे सांगताना मला नेहमी हसू यायचं. पण काल फोन ठेवल्यावर मी खारूला म्हणाले, "बघ हं, आईकडे तुला करमायचं नाही." तिचा चेहरा एवढासा झाला. मला माझीच भीती वाटली गं.

तेव्हा ये रविवारी. बॅग मी भरते आहे. दारात मी हसेन, ते खोटं असेल, तू लक्ष देऊ नकोस. पटकन घेऊन जा.

मघाशी फ्रॉकांच्या घड्या घालत होते, तर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी गेल्यावर तू दुसऱ्या कुणाची मावशी होशील? नाही व्हायचं!" चांगली फुरंगटली होती. तिलाही हेवा वाटतो, छोटे, माझ्यासाठी! काय बरं वाटलं म्हणून सांगू.

फक्त तिचीच,
मावशी